केबिनमधली गरम पेटी

बोईसरमध्ये ट्रकला हीटर लागत नाही. मार्च ते जून इथला कुठलाही ट्रक स्वतःच हीटर असतो आणि उरलेले महिने माणसं वारा लागावा म्हणून काच खाली करून बसतात. मी आयटीआयला होतो तेव्हा आमच्या पुस्तकात हीटरचं एक पान होतं. मास्तरांनी ते उलटलं आणि म्हणाले, हे तुम्हाला जन्मात लागणार नाही. मास्तरांवर माझा विश्वास होता. पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नाही, पण ते पान त्यांनी वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मी मूळचा घाटावरचा. कारखाने वाढत होते त्या काळात बोईसरला आलो आणि औद्योगिक वसाहतीच्या कडेला पत्र्याची शेड टाकून गॅरेज सुरू केलं. भिंतीवर सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं. या गावात त्या वेळी सर्टिफिकेट असलेला मेकॅनिक मी एकटाच असेन असं मी धरून चाललो होतो, चौकशी केली नव्हती. मी तिशीत होतो आणि मला सगळं येत होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तारापूरच्या पलीकडच्या एका मच्छीमार गावातली एक बाई माझ्याकडे ट्रक घेऊन आली. बाई पन्नाशीची, नवरा वारलेला. नवऱ्याचा जुना ट्रक भंगारात गेल्यावर तिने लष्कराच्या लिलावातून हा दुसरा घेतला होता. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखात झिजून आलेला, हिरव्या रंगाचा, रणगाड्याचा धाकटा भाऊ शोभेल असा. पहाटे गावातल्या मासळीच्या टोपल्या भरायच्या, त्यांच्यावर बर्फ, बर्फावर गोणपाट, त्यांच्यामध्ये बायका बसायच्या, आणि ट्रक बोईसरचा बाजार करून उमरोळीवरून पालघरला जायचा. बाई स्वतः केबिनमध्ये बसायची. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला मिस्त्री म्हणायची, आणि रागावली तरी मिस्त्रीच म्हणायची, फक्त आवाज बदलायचा.

त्या ट्रकमध्ये कशाला काय म्हणतात हे कुणालाच माहीत नव्हतं. डॅशबोर्डवर सात खटके होते, त्यांतले दोन कामाचे. इंजिनातून एवढे पाइप निघत होते की मी पहिल्या दिवशी ते मोजायला घेतले आणि सोडून दिले. मिलिटरीवाल्यांचं काहीतरी असेल, असं म्हणायची पद्धत होती आणि ती मला सोयीची होती. केबिनच्या मध्ये, काचेच्या खाली, एक लोखंडी पेटी होती, समोर जाळी असलेली. कुणी म्हणे वायरलेसची, कुणी म्हणे काडतुसांची. मावशीने ती शेंदरी रंगाने रंगवून घेतली, जाळीवर पत्रा ठोकला, पत्र्यावर देवीची तसबीर लावली आणि खाली उदबत्तीचं घर बसवलं. चालत्या गाडीत ती पेटी गरम व्हायची. थंडीच्या दिवसांत केबिनमध्ये बसलेल्या बायका तिला तळवा लावून तो गालाला लावायच्या. ड्रायव्हर पावसाळ्यात विड्यांचं बंडल पेटीवर ठेवायचा, विड्या सादळायच्या नाहीत. इंजिनाच्या उष्णतेने तापत असेल असं मला वाटे. बायकांना काय वाटे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. केबिनमध्ये चढलो की मीही तिला नमस्कार करायचो. दोन वर्षं मी एका हीटरला रोजच्या रोज नमस्कार केला आहे.

ड्रायव्हर उमरोळीचा. पंचावन्न-अठ्ठावन्नचा, सडपातळ, अंगात खाकी शर्ट आणि पायात काही नाही. चप्पल घालून त्याला क्लच कळत नसे. मावशीच्या नवऱ्याच्या वेळेपासून तो त्यांच्याकडे होता आणि तिला बाय म्हणायचा. फार बोलायचा नाही. त्याचं बोलणं बहुतेक गाडीशी चालायचं, आणि गाडीला तो अहो-जाहो करायचा.

या ट्रकची एक रीत होती. टोपल्या चढवून झाल्या की प्रत्येक बाई आपल्या टोपलीतला एखादा मासा काढून केबिनमधल्या छोट्या टोपलीत टाकायची. कुणाचा बोंबील, कुणाची मांदेली, चांगला दिवस असला तर एखादं पापलेटचं पिल्लू. ही टोपली ड्रायव्हरची. तिच्यात मूठभर बर्फ टाकून ती त्याच्या पायाशी ठेवायची. सगळ्यांचं त्यात असलं की सगळ्यांची मासळी वेळेवर पोचते, असा हिशोब होता. टोपलीतला बर्फ वितळून केबिनमध्ये कायम पाणी असायचं. खाली पसरलेलं गोणपाट ओलं, पत्रा गंजलेला, पत्र्याला भोकं, भोकांतून पाणी रस्त्यावर. मागूनही गळत असायचंच. मासळीचा ट्रक कोरडा असेल तर तो मासळीचा नाही.

पहिल्या वर्षी ट्रक नीट चालला. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपून होड्या परत समुद्रात गेल्या, आणि ट्रक तापायला लागला. बोईसरच्या रेल्वे फाटकात उभा राहिला की काटा लाल पट्टीत. बॉनेट उघडावं तर रेडिएटर अर्धा रिकामा. पाणी भरावं, चालावं, दोन-चार दिवस काही नाही, परत तेच.

मी क्रमाने गेलो. मला क्रमाने जाण्याचा अभिमान होता. आधी होज पाइप बदलले. त्या भरात मिलिटरीवाल्यांच्या त्या पाइपांतला एक चिरलेला दिसला, तोही बदलला. तो इंजिनातून निघून केबिनच्या पत्र्यात शिरत होता. पुढे कुठे जातो हे मी पाहिलं नाही. मग पाण्याचा पंप काढला, सील नवं घातलं. मग रेडिएटर उतरवून बोईसरच्या रेडिएटरवाल्याकडे नेला. हा उत्तर प्रदेशातला भय्या, रेल्वेलाइनजवळ बसायचा. त्याने रेडिएटरची तोंडं बंद करून तो हौदात बुडवला, पंपाने हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही.

"रेडिएटर ठीक है, मिस्त्री," तो म्हणाला. "पानी कहीं और जा रहा है. ढूँढो."

मी ढूँढलं नाही. मी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची पट्टी, बदललं. खरं तर गॅस्केट गेल्याची खूण नव्हती. ऑइल ताकासारखं झालं नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, रेडिएटरच्या तोंडाशी फेस नव्हता. पण बदलण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. गाडी थंड असताना मी ट्रकखाली आडवा पडून तासभर पाहत होतो. इंजिनातून एक थेंब पडला नाही. केबिनखाली टपटपत होतं, ते मासळीचं.

एकदा ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, पाय लय भिजतात आताशा. गरम पानी लागतंय कदीकदी."

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. तसं मी कसूर ठेवणारा नव्हतो, गोणपाट उचललं, खालच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट. मी म्हणालो, मासळीचं आहे, टोपलीखाली ताट ठेवा, आणि गरम काय, इंजिनाच्या शेजारी बसता तुम्ही. त्याने ताट ठेवलं. ज्या विहिरीवरून तो रोज रेडिएटर भरायचा ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होती आणि तिचं पाणी गावात कुणी पीत नसे, हे मला माहीत होतं. पण दोन माहीत असलेल्या गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या असतात, हे सर्टिफिकेटवर लिहिलेलं नव्हतं.

डिसेंबरात उमरोळीच्या अलीकडे ट्रक बंद पडला, तो टोपल्या आणि बायकांसकट. ट्रक ओढून माझ्याकडे आणला तोवर बर्फाचं पाणी झालं होतं आणि माशांनी माना टाकल्या होत्या. मी इंजिनाचं हेड उतरवलं. तापून वाकलं होतं. रेडिएटरमध्ये पाणी जवळजवळ नव्हतं.

मावशी शेडमध्ये आली. तिच्या मागे चार बायका, सगळ्यांची मासळी गेलेली. ड्रायव्हर टायरला टेकून उभा होता.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तू तीन-तीनदा गाडी खोललीस. आता एक सांग. गाडीत खोट हाय का मानसात?"

प्रश्न सरळ होता. माझ्यासमोर दोन उत्तरं होती. एक, मला कळत नाही. ते मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे माझ्यासमोर अंगण खाकी शर्ट घालून उभंच होतं.

"मावशी," मी म्हणालो, "गाडीत दोष नाही. काकांचं वय झालं. पाणी टाकायचं एखाद्या दिवशी राहून जात असेल."

मी हे फार मऊ आवाजात म्हणालो. ओरडलो असतो तर त्याला भांडता तरी आलं असतं.

"मी पानी टाकतो," तो म्हणाला.

"रोज टाकता. पण एखाद्या दिवशी टाकलंय असं वाटतं आणि राहिलेलं असतं. माणूस आहे, काका."

त्या चारही बायकांनी माना हलवल्या. माणूस आहे, यावर कुणाचं दुमत नव्हतं. तो केबिनमधली आपली टोपली उतरवायला गेला, आणि मला वाटलं, पटलं.

हेड बसवून ट्रक परत सुरू केला. त्यानंतर ड्रायव्हरने एक नवीन गोष्ट सुरू केली. सकाळी रेडिएटर भरला की दाराच्या आतल्या बाजूला खडूने रेघ मारायची. तो पत्रा हळूहळू भरत गेला. पंधरा-वीस दिवस गेले आणि बोईसरच्या फाटकात गाडी परत उकळली. तो ती तशीच हळूहळू माझ्याकडे घेऊन आला, बॉनेटसुद्धा उघडलं नाही, आधी मला हाताला धरून दाराशी नेलं आणि त्या दिवसाची रेघ दाखवली.

"ही बगा. आज मारलेली."

मी रेघ पाहिली. मग म्हणालो, "काका, रेघ मारायची आठवण राहिली, पाणी राहिलं."

हे वाक्य मला त्या वेळी हुशारीचं वाटलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी ते विसरायचा प्रयत्न केला, आणि विसरण्याच्या बाबतीत माझं डोकं त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे असा माझा समज होता. जमलं नाही.

त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. माझ्यावर चिडला असता तर मी तयार होतो. पण तो चिडला नाही, त्याने विचार केला. मी यंत्रातला माणूस, सर्टिफिकेटवाला, मी म्हणतोय म्हणजे असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे टोपल्या चढवायच्या आधी त्याने किल्ल्या मावशीच्या हातात दिल्या. म्हणाला, "बाय, माज्या डोक्याचा भरोसा नाय राह्यला. मागं बायका बसतात." आणि बोईसरपर्यंत कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून आणि पुढे रेल्वेने घरी गेला. हे मला मावशीने सांगितलं. वाईट वाटलं मला. पण एक प्रश्न सुटला असंही वाटलं, ते लपवत नाही.

मग आला शिमगा. किनाऱ्यावरच्या गावांत शिमग्याला होड्या ओढून वाळूवर घेतात, त्यांना सजवतात, आणि पाच-सहा दिवस समुद्रात कुणी जात नाही. मासळी बंद, बर्फ बंद, बाजार बंद. मावशीला घराची एक भिंत बांधायची होती, तिने ठरवलं की या दिवसांत ट्रकमधून विटा आणाव्यात. नवा ठेवलेला ड्रायव्हर शिमग्याच्या पहिल्याच दिवशी अशा अवस्थेला पोचला होता की त्याच्या हाती किल्ली काय, पाण्याचा तांब्याही देण्यात अर्थ नव्हता. गाडी रात्री माझ्याच शेडमध्ये होती. मावशीने निरोप पाठवला, मिस्त्री, तूच आण.

मी सकाळी शेडमधल्या नळाचं पाणी घेतलं आणि रेडिएटर गळ्यापर्यंत भरला. झाकण लावलं, हाताने दाबून पाहिलं. मनोरच्या बाजूच्या भट्टीवरून विटा भरल्या. भट्टीवर तापलेल्या मातीत चालून पायांची आग झाली म्हणून परतताना चप्पल काढून बाजूला ठेवली. बोईसरच्या फाटकात गाडी उभी राहिली, आणि काटा लाल पट्टीत गेला.

मी उतरलो, झाकणावर ओलं फडकं टाकून ते सावकाश सैल केलं. वाफ गेल्यावर आत पाहिलं. अर्धा रिकामा.

माझ्या मनात पहिला विचार आला तो गळतीचा नव्हता. मी विचार केला, मी पाणी भरलं होतं का? बादली आठवली. नळ आठवला. पण ती बादली आजची की कालची? झाकण दाबलं ते आज दाबलं की रोज दाबतो म्हणून तसं वाटतंय? फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी भर उन्हात बॉनेट धरून उभा. मी छत्तीस वर्षांचा होतो. दोन मिनिटं असेल फार तर, पण त्या दोन मिनिटांत मला स्वतःच्या डोक्याबद्दल जी शंका आली ती मी त्या माणसाला तीन महिन्यांपासून देत होतो.

गाडी बाजूला घेतली. सीटवर बसलो आणि पाय खाली ठेवला, तर गोणपाट ओलं. कोमट. मी पाय उचलला, परत ठेवला. शिमगा होता. टोपली नव्हती, बर्फ नव्हता, तीन दिवस या गाडीत मासा चढला नव्हता, आणि मागे नुसत्या विटा. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पाणी गोडं होतं. माझ्या शेडमधल्या नळाचं.

मग मी वर पाहिलं. देवीच्या तसबिरीखालून, उदबत्तीच्या घराच्या मागून, शेंदरी रंगावरून एक धार येत होती, करंगळीपेक्षा बारीक, आणि खालच्या कोपऱ्यावरून गोणपाटावर ठिबकत होती. गाडी तापून पाण्याला जोर आला की गळायचं, गार झाली की थांबायचं. मी कायम गार गाडी तपासली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर कळशाला नमस्कार करून वळसा घालत होतो.

तरी मी लगेच उड्या मारल्या नाहीत. एकदा घाईने बोलून झालं होतं. केबिनच्या पत्र्यात शिरणारा, मीच बदललेला तो पाइप शोधला, शेजारी त्याचा जोडीदारही सापडला, हात लावला, दोन्ही चटके बसण्याइतके गरम. म्हणजे इंजिनाचं पाणी पेटीत जात होतं आणि परत येत होतं. दोन्ही पाइप पेटीकडून सोडवले आणि लोखंडी नळीच्या एका तुकड्याने एकमेकांना जोडून टाकले, पेटी मधून वगळली. परत पाणी भरलं, या वेळी मोठ्याने "भरलं" असं म्हणत. विटा मावशीच्या दारात उतरवल्या, गाडीच्या तशाच आणखी दोन फेऱ्या केल्या, फाटकात मुद्दाम थांबलो. काटा जागचा हलला नाही. झाकण उघडलं तर पाणी गळ्याशी.

संध्याकाळी मावशीला सांगितलं. पेटी उघडायची म्हणजे देवी हलवायला हवी. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडला, तसबीर पदरात घेतली, मग मला खूण केली. मी पत्रा काढला. आत तळहाताएवढा रेडिएटर होता, पितळी नळ्यांचा, पांढऱ्या-हिरव्या क्षाराने फुलून आलेला. खाऱ्या विहिरीच्या पाण्याने त्याला आतून खाल्लं होतं. खालच्या शिवणीला स्क्रू ड्रायव्हर लावला तर तो आतच गेला.

"याचं काम काय?" मावशीने विचारलं.

"थंडीत केबिन गरम ठेवायची."

तिने माझ्याकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंजी डायवर पानी टाकत होता."

"हो."

"रोज."

"हो, मावशी."

मी म्हणालो, मी आजच उमरोळीला जाऊन त्यांना सांगतो. ती म्हणाली, "एकला नाय जायचा. तू चार बायांसमोर बोल्लास. चार बायांसमोरच जाऊन सांगायचा." चोर सोडून संन्याशाला फाशी दिली तर निदान चावडीवर जाऊन सांगावं लागतं, हे तिला कुणी शिकवायला लागलं नाही. त्याच चार बायका तिने गोळा केल्या. शिमग्याची नवी लुगडी नेसून त्या मागे बसल्या. मी तो सडलेला हीटर पोत्यात घातला आणि गाडी चालवली.

त्याचं घर स्टेशनपासून जवळच. अंगणात त्याची बायको होती. आम्हाला एवढ्यांना पाहून ती घाबरली, आणि मग त्यांच्यात मीही आहे हे दिसल्यावर तिचा चेहरा बदलला. बायका खाटेवर टेकल्या. तो आत होता. तिने त्याला हाक मारायच्या आधी मला हळू आवाजात सांगितलं की तो आता चूल पेटवत नाही. कडी लावली की परत जाऊन पाहतो. रोज संध्याकाळी नातवाला गाड्या दाखवायला स्टेशनवर न्यायचा, ते बंद केलं. "बोलला, मी पोराला तितंच इसरून येयाचो." हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. मला तिथून निघून जावंसं वाटलं आणि मी उभा राहिलो.

तो बाहेर आला. मी पोत्यातून हीटर काढून त्याच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. नीट सांगितलं, पाणी कुठून कुठे जातं, कुठून गळतं, गार गाडीत का दिसत नाही, टोपलीमुळे का कळलं नाही. शेवटी म्हणालो, "काका, तुम्ही विसरला नव्हता. मला कळलं नाही, आणि मला कळत नाही असं म्हणायची लाज वाटली म्हणून मी तुमचं नाव घेतलं."

तो खाली बसला. हीटर उचलून त्याने उलटसुलट केला, भोकात नख घालून पाहिलं.

"फाटकात पैली येळ उकळली," तो म्हणाला, "नारळी पुनवेनंतर. आठवड्याचा बाजार होता. टोपलीत बोंबील होते. तवा मी पानी टाकलं होतं?"

"टाकलं होतं," मी म्हणालो.

"पालगरला मच्छी मारकेटात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. बायच्या बाजूला तिची मोठी नणंद बसलेली. तवा?"

"तेव्हाही टाकलं होतं."

त्याने सगळ्या वेळा सांगितल्या. कुठे, कुठला वार, केबिनमध्ये कोण होतं, टोपलीत काय होतं, पाणी कुठल्या बादलीने भरलं. डिसेंबरचा दिवस सांगितला. रेघेचा दिवस सांगितला. खाटेवरच्या बायका मध्येच हो हो करत होत्या, एकीने एक वार चुकीचा म्हणून सांगितला आणि त्याचाच बरोबर निघाला. ज्याच्या डोक्याचा मी पंचनामा केला होता त्याला सहा महिन्यांतला एकेक मासा आठवत होता. प्रत्येक वेळी तो थांबायचा आणि मी म्हणायचो, टाकलं होतं. सहा वेळा म्हणालो. मला रडू येत होतं, पण ते माझं काम नव्हतं, म्हणून नाही रडलो.

मावशीने किल्ल्या त्याच्यापुढे धरल्या. त्याने त्या घेतल्या, पण खिशात टाकल्या नाहीत, मुठीतच ठेवल्या. बायकोने चहा आणला. चहा झाल्यावर तो म्हणाला, पाइप कसा जोडलात बगू, आणि आम्ही दोघं रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रककडे गेलो. मी बॉनेट उघडलं. त्याने जोड हलवून पाहिला, पक्का होता. मग बॉनेटच्या आत तोंड ठेवूनच, माझ्याकडे न पाहता, त्याने विचारलं.

"आनि जुन्या गाडीचं?"

जुनी गाडी म्हणजे मावशीच्या नवऱ्याची. ती एका दुपारी त्याच्याच हातात बंद पडली होती, इंजिन जाम. तेव्हा केबिनमध्ये तो एकटाच होता. गाडी जुनी होती, इंजिन म्हातारं झालं असं सगळे म्हणाले, मालकाने ती भंगारात दिली आणि वर्षभरात मालकही गेला. मी हे आतापर्यंत सांगितलं नाही, कारण त्यातलं पुढचं फक्त मलाच ठाऊक आहे असं मी समजत होतो. भंगारात जाण्याआधी मालकाने ती गाडी माझ्याकडेच आणली होती आणि मीच खोलली होती. रेडिएटर शाबूत, पंप शाबूत, पाइप शाबूत, आणि आत पाण्याचा थेंब नाही. मी त्या वेळी कुणाला बोललो नव्हतो. बहुतेक म्हणूनच या वेळी इतक्या लवकर बोललो. आणि बहुतेक म्हणूनच त्यानेही माझं बोलणं इतक्या लवकर मानलं.

"त्या दिशी," तो म्हणाला, "मी पानी टाकलं होतं, मिस्त्री?"

त्या ट्रकला हीटर नव्हता.

"टाकलं होतं, काका," मी म्हणालो.

त्याने बॉनेट खाली घेतलं, दाबून लावलं. माझ्याकडे पाहिलं. मग मुठीतल्या किल्ल्या मोकळ्या केल्या, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि वर चढता चढता म्हणाला, "तुमी पलीकडून बसा."